नोटीस मालकाला, उपास कामगाराला

पंचगंगा काळी पडली, तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेले मासे तरंगू लागले की इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एखाद्या प्रोसेसला बंदची नोटीस निघते, वीज तोडली जाते. एरवी बोनसचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडणाऱ्या मालकाला नेमक्या त्याच दिवशी कामगारांच्या चुली आठवतात. ‘नदी वाचवायची की पोटं?’

प्रश्नच खोटा आहे. रंगाचं पाणी शुद्ध न करता सोडलं की वाचतो तो मालकाचा पैसा. त्यातला एक रुपयाही पगाराच्या पाकिटात येत नाही. नदीकाठची घाण मात्र कामगाराच्याच वस्तीला भोगावी लागते. आणि नदी काही एकट्या कारखान्यांनी नासवलेली नाही. गावागावांचं मैलापाणीही तिच्यातच जातं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीच्या साथीनं माणसं दगावली, ती अशाच मैलमिश्रित पाण्यानं. पण पालिकेची वीज कोण तोडणार?

बंदीला माझा विरोध नाही. विष सोडणारा कारखाना बंद झालाच पाहिजे. पण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम ३३ अ प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा अधिकार देतं. बंदच्या दिवसांतल्या मजुरीबद्दल त्यात चकार शब्द नाही.

न्यायालयाला हे सुचलं होतं. जुलै १९९६ मध्ये दिल्लीतले १६८ धोकादायक कारखाने हलवण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या भरपाईचंही बांधून दिलं. जे कारखाने कायमचे बंद होतील, त्यांच्या कामगारांना एक वर्षाचा जादा पगार; डिसेंबरात तो सहा वर्षांचा केला. तरी कित्येकांच्या हाती काहीच पडलं नाही. ते ठेकेदाराचे, बदली, रोजंदारीवरचे. हजेरीपटावर नावच नाही, तर मालक सरळ म्हणतो, ‘हा आमचा माणूसच नव्हे.’

म्हणून कामगार संघटनांनी मालकाच्या मोर्चात झेंडे धरू नयेत आणि नदीसाठी लढणाऱ्यांनी आपली मागणी कारखान्याला टाळं लावण्यापाशी थांबवू नये. दोघांनी मिळून मंडळाच्या दारात एकच गोष्ट मागावी: कारखान्याला परवाना देतानाच ठेकेदाराच्या माणसांसकट सगळ्यांची नावं नोंदवून घ्या, मालकाकडून ठेव घ्या, आणि मालकाच्या चुकीनं कारखाना बंद पडला तर त्या प्रत्येकाची मजुरी त्या ठेवीतून द्या. मजुरी भरल्याशिवाय वीज पुन्हा जोडू नका.