ज्येष्ठतायादीतील डॉक्टर

धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गाने बीड शहर मागे टाकून मांजरसुंब्याच्या घाटाकडे निघाले की बिंदुसरा प्रकल्पाच्या परिसरात पाली हे गाव लागते. आणि या गावात काय किंवा मराठवाड्यातील अशा कोणत्याही मोठ्या गावात काय, माध्यमिक शिक्षकांमध्ये एक तरी असा गृहस्थ हमखास सापडतो की ज्याची पीएच.डी. अनेक वर्षे सुरू असते आणि ती संपल्यावर आपण मुख्याध्यापक होणार अशी ज्याची प्रामाणिक समजूत असते. या गृहस्थास प्रस्तुत विवेचनात ‘डॉक्टरेच्छू’ म्हटले आहे. एखादी संज्ञा आपल्या अभ्यासापुरती कोणत्या अर्थाने वापरली आहे ते आरंभीच सांगून टाकण्याला संशोधनाच्या परिभाषेत कार्यात्मक व्याख्या म्हणतात, आणि तिचा मुख्य उपयोग पुढे कोणी वाद घालू नये हा असतो. त्यानुसार डॉक्टरेच्छू म्हणजे चाळिशी ओलांडलेला, बी.एड.वर नोकरीस लागलेला, त्यानंतर एम.ए. शिक्षणशास्त्र, एम.एड. आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, जिला शिक्षकवर्गात नुसते ‘डीएसएम’ म्हणतात, अशा पदव्या एकामागून एक पदरात पाडून घेतलेला आणि आता शैक्षणिक प्रशासनात संशोधन करणारा अनुदानित शाळेचा सहशिक्षक होय. शिक्षिकाही हे संशोधन करतात. परंतु प्रबंध पूर्ण होईपर्यंत त्या त्याविषयी फारसे बोलत नाहीत, त्यामुळे विनोदी लेखनास त्यांचा उपयोग नाही.

डॉक्टरेच्छूच्या महत्त्वाकांक्षेमागे परकीय परंपरेचे मोठे बळ आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९२० साली शिक्षणशास्त्राची स्वतंत्र शाखा उघडली आणि लगेच एड.डी. म्हणजे शिक्षणातील डॉक्टर ही पदवी देण्यास आरंभ केला. तेव्हापासून त्या देशात जिल्ह्याच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या अधीक्षकाच्या नावामागे डॉक्टर ही उपाधी असणे शोभादायक मानले जाते. या पदवीचा विषय असतो शैक्षणिक नेतृत्व, म्हणजे शाळेतील माणसांना, त्यांची फारशी इच्छा नसतानाही, एका उद्दिष्टाकडे घेऊन जाण्याचे शास्त्र. महाराष्ट्रात मात्र ही खुर्ची कोणाला द्यायची याचा निर्णय कोणत्याही शास्त्राने होत नाही. तो महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ यातील नियम ३ ने होतो. या नियमाप्रमाणे माध्यमिक शाळेचा प्रमुख हा पदवीधर आणि बी.एड. असावा लागतो, त्याला अध्यापनाचा पाच वर्षांचा अनुभव असावा लागतो व त्यांपैकी निदान दोन वर्षांचा अनुभव बी.एड. झाल्यानंतरचा असावा लागतो. आणि या अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी, सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेला जो सर्वांत ज्येष्ठ, त्याची नेमणूक करणे व्यवस्थापनावर बंधनकारक असते. ज्येष्ठता ठरते ती याच नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ वरून. दोन शिक्षकांच्या सलग नेमणुकीची तारीख एकच निघाली तर वयाने मोठा असेल तो ज्येष्ठ ठरतो, म्हणजे लवकर जन्म घेणे ही येथे एक अर्हता असून ती कोणत्याही विद्यापीठात बहिःस्थ पद्धतीने मिळवता येत नाही.

डॉक्टरेच्छूला हा नियम ठाऊक नसतो असे नाही. शाळेत तो सर्वांत जास्त त्यालाच ठाऊक असतो. किंबहुना शिक्षककक्षात ज्येष्ठतेवरून वाद पेटला की नियमाचे पोटकलम तोंडपाठ म्हणून दाखवणारा तोच. परंतु हा नियम इतरांसाठी आहे आणि आपली पदवी हाती येईपर्यंत शासन त्यात दुरुस्ती करील, अशी त्याची एक सूक्ष्म श्रद्धा असते. ज्येष्ठतायादीत आपण पाचवे आहोत, वरच्या चौघांपैकी दोघांना रक्तदाब आहे आणि एकाला गावाकडची शेती खुणावते आहे, हा हिशेबही त्याने मनात मांडलेला असतो. शैक्षणिक नियोजन म्हणतात ते हेच.

संशोधनाचा प्रवास ‘पेट’पासून सुरू होतो. पेट म्हणजे पीएच.डी.ची प्रवेशपूर्व परीक्षा. बीड जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो ते विद्यापीठ १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि १९९४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाऊ लागले. ते छत्रपती संभाजीनगरला असल्यामुळे डॉक्टरेच्छू गेवराई, शहागड, पाचोड ही स्थानके एसटीच्या खिडकीतून इतक्या वेळा पाहतो की प्रबंधातील प्रकरणांपेक्षा त्यांचा क्रम त्याला अधिक खात्रीने सांगता येतो. पेट उत्तीर्ण झाल्यावर गाठावा लागतो गाईड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात, त्यामुळे जागा रिकामी असलेला गाईड आणि ज्येष्ठतायादीत खाली असलेला वरिष्ठ या दोन्ही गोष्टी सारख्याच दुर्मिळ होत. असा गाईड एकदा लाभला की त्याला जपावे लागते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या फळावर या प्रदेशाच्या नावाची अधिकृत मोहोर उमटली; डॉक्टरेच्छूने तिचे शैक्षणिक महत्त्व मानांकन देणाऱ्यांच्याही आधी ओळखले होते. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळे पाडाला लागली की सहामाही प्रगती अहवाल सादर होतो आणि हंगाम सरला की संबंधित साहित्याचा आढावा पुन्हा लिहून आणावा लागतो, असा या जिल्ह्यातील संशोधनाचा ऋतुमानाशी सहसंबंध आढळतो. (हा सहसंबंध अद्याप कोणी तपासलेला नाही. विषय मोकळा आहे.)

विषयाचे शीर्षक निश्चित होण्यास काही महिने लागतात आणि अखेर ते ‘बीड जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची नेतृत्वशैली आणि शिक्षकांचे कार्यसमाधान यांतील सहसंबंधाचा चिकित्सक अभ्यास’ असे किंवा याच्या इतके जवळचे ठरते की शेजारच्या तालुक्यातील डॉक्टरेच्छूला ते आपलेच वाटावे. नेतृत्वशैली तीन मानल्या जातात: हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त, म्हणजे जो तो आपापले पाहून घेईल अशी. ही विभागणी कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून रूढ झाली. ते प्रयोग अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हस्तकला मंडळांवर झाले होते. आणि त्याच तराजूत सेवानिवृत्तीला टेकलेले, मधुमेह सांभाळून शाळा चालवणारे मुख्याध्यापक तोलायचे असतात, ही बाब प्रबंधाच्या ‘व्याप्ती व मर्यादा’ या भागात येत नाही.

माहिती गोळा करण्याचे साधन म्हणजे प्रश्नावली. प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच घरे असतात. रेन्सिस लिकर्ट याने १९३२ साली ही श्रेणी मांडली, तेव्हा भिन्न माणसे भिन्न घरांत खूण करतील हे त्याने गृहीत धरले होते. बीड जिल्ह्यात प्रश्नावली मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोहोचते तेव्हा ते तिच्याकडे आदराने पाहतात, आवक नोंदवहीत तिची नोंद करवून घेतात, कोपऱ्यात शेरा मारून कनिष्ठ लिपिकाकडे पाठवतात, लिपिक ती शाळेत नुकत्याच आलेल्या शिक्षणसेवकाकडे देतो, आणि तो बिचारा आपली परिवीक्षेची तीन वर्षे निर्विघ्न पार पडावीत या एकाच इच्छेने ‘मुख्याध्यापक सर्वांची मते ऐकून घेतात’ या विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’ अशी खूण करून कागद परत वर पाठवतो. शिक्षकांसाठी असलेल्या कार्यसमाधानाच्या प्रश्नावलीची गत याहून निराळी नसते, कारण ती भरून झाल्यावर मुख्याध्यापकांच्याच कपाटात जमा होणार असते. अशा तऱ्हेने संपूर्ण जिल्ह्यातील मुख्याध्यापक लोकशाहीवादी आणि संपूर्ण जिल्ह्यातील शिक्षक समाधानी निघतात. डॉक्टरेच्छू मग शून्य परिकल्पनेचा, म्हणजे या दोन गोष्टींत काहीही संबंध नाही या तात्पुरत्या समजुतीचा, ०.०५ सार्थकता पातळीवर त्याग करतो. संख्याशास्त्राचा काहीच दोष नाही. आकडेमोड अचूकच असते. तिच्यातून प्रत्यक्षात जिल्ह्यातील शिक्षणसेवकांची सावधगिरी मोजली गेलेली असते, आणि ती, खरे पाहता, मोलाची माहिती आहे.

या सगळ्या काळात त्याच्या स्वतःच्या शाळेत जे नेतृत्व चाललेले असते ते त्याच्या नजरेतून सुटते. दसरा–दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि वर्गातील मुलेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून जातात. त्या पंधरवड्यात शाळेचे बी.एड. मुख्याध्यापक, ज्यांनी नेतृत्वावरील एकही ग्रंथ उघडलेला नाही, खिचडीची चव पाहता पाहता मुकादमाला फोन लावतात, त्याच्याकडून अमुक घरातील पोरगी मागे ठेवण्याचा शब्द घेतात, मुलीच्या आजीला ‘आत्याबाई, दहावीचं वर्ष आहे’ म्हणून समजावतात, मागे राहिलेल्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय कोठे लावायची यावर सरपंचांशी हुज्जत घालतात आणि तेवढ्यात संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून शाळेत किती शिक्षक राहतील याचा शासकीय निवाडा, वाचवण्यासाठी ऑनलाइन नोंदीही पुऱ्या करवून घेतात. हे करताना ते सकाळी हुकूमशाही, दुपारी लोकशाही आणि संध्याकाळी विजेअभावी मुक्त शैलीचे असतात. डॉक्टरेच्छू त्या वेळी शेजारच्या खोलीत ‘मुख्याध्यापक हितसंबंधी घटकांशी संवाद साधतात’ हे सव्विसावे विधान पक्के करीत बसलेला असतो. ऊसतोडीचा मुकादम हा हितसंबंधी घटक होय, हे गाईडने सुचवले नाही म्हणून त्याच्याही लक्षात येत नाही. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांच्या १९७८ सालच्या ‘लीडरशिप’ या ग्रंथाला अनेक पाने मिळतात. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून शेकडो शाळा उभ्या करणारे कर्मवीर भाऊराव पाटील केवळ प्रास्ताविकात वंदनापुरते येतात. कर्मवीरांचे स्वतःचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते आणि पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी.लिट. दिली ती १९५९ साली, म्हणजे काम झाल्यावर. डॉक्टरेच्छूच्या योजनेत हा क्रम उलटा आहे.

तोंडी परीक्षा सुरळीत पार पडते, कारण बाहेरून आलेल्या परीक्षकांना परतीची गाडी गाठायची असते. पदवी मिळताच महामार्गाच्या कडेला फ्लेक्स लागतो, शाळेत शाल-श्रीफळ होते, आणि नवा डॉक्टर लेटरहेड, मोटारसायकलची मागची पाटी व व्हॉट्सॲपवरील नाव या तिन्ही ठिकाणी एकाच रात्रीत ‘डॉ.’ बसवून टाकतो. यापुढे गावकरी त्याच्याकडे कंबरदुखीचे औषध मागायला येतात असा विनोद वाचकास अपेक्षित असेल. परंतु बीड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पालीच्या माणसाला कोणत्या डॉक्टरकडे कशासाठी जावे हे नीट कळते, आणि या डॉक्टरकडे ते अर्ज लिहून घ्यायला येतात.

यानंतर त्याला खरी शैक्षणिक वस्तुस्थिती समजते. अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार पीएच.डी. आवश्यक असते, परंतु त्याबरोबर आठ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव हवा असतो तो अध्यापक महाविद्यालयातील, शाळेतील नव्हे. आणि शिक्षणाधिकाऱ्याच्या खुर्चीकडे जाणारी थेट वाट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते, तिची वयोमर्यादा प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातच उलटून गेलेली असते. जेथे पीएच.डी. लागते तेथे याचा अनुभव चालत नाही, आणि जेथे याचा अनुभव चालतो तेथे पीएच.डी. लागत नाही. ज्येष्ठतायादीत तो अजून चौथाच असतो. शेती खुणावत होती त्या गृहस्थांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली म्हणून एक पायरी सुटली. रक्तदाबाचे दोघे नियमित गोळ्या घेऊन अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करण्याच्या निर्धाराने कामावर येत आहेत. त्यांच्यासह वरचे तिघेही अनुक्रमे निवृत्त झाल्यावर या डॉक्टरला मुख्याध्यापकपद मिळेल, आणि ते त्याला डॉक्टर झाला नसता तरी त्याच दिवशी मिळाले असते.

शाळेत त्याच्या पदवीला एक निश्चित काम मात्र मिळाले आहे. बाहेरच्या संशोधकांच्या प्रश्नावल्या आल्या की मुख्याध्यापक त्या आता शिक्षणसेवकाकडे न देता ‘सर, यातलं तुम्हाला कळतं’ म्हणून त्याच्याकडे सोपवतात, आणि तोही पाच मिनिटांत सर्व विधानांपुढे ‘सहमत’ अशी खूण करून कागद मोकळा करतो. म्हणून बीड जिल्ह्यातील मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीवर नव्याने काम करू इच्छिणाऱ्यांनी आपली प्रश्नावली शाळेच्या पत्त्यावर थेट या डॉक्टरांच्याच नावे पाठवावी, म्हणजे आवक नोंदवहीतला आठवडा वाचेल.