दोनशे चाळिसाव्या दिवसास अनावृत पत्र

मा. दोनशे चाळिसावा दिवस यांस,
मुक्काम : मस्टरच्या बाहेर

सा. न. वि. वि.

खानदेशातल्या वनमजुरांशी आपली भेट वर्षानुवर्षं लांबणीवर पडते आहे, त्याबद्दल हे पत्र. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री इथली माणसं रोपवाटिकेत पिशव्या भरतात, खड्डे खणतात, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात. दोनशे पंचविसावा दिवस येतो, दोनशे तिसावाही येतो. आपली चाहूल लागली की मात्र निधी संपतो. इतका वक्तशीर निधी सरकारात आणखी कुठे असेल असं वाटत नाही.

आपला मान मोठा, हे मान्य. ३१ जानेवारी १९९६च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर १९९४पर्यंत सलग पाच वर्षं आणि दरवर्षी किमान २४० दिवस भरलेल्या रोजंदार वनमजुरांना कायम केलं. १६ ऑक्टोबर २०१२च्या निर्णयाने ही मुदत ३० जून २००४पर्यंत ओढली. म्हणजे आपण पाच वर्षं हजेरी लावायची. चार वर्षं येऊन पाचव्यांदा रुसलात, तर आधीच्या चार भेटी पाहुणचारात जमा.

रुसलेल्या दिवसाला शोधायला मजूर कोर्टात जातो. तिथे आधी दार ओळखावं लागतं. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवलं अशी तक्रार असेल तर अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या १९७१च्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालय; कामावरून काढलं असेल तर कामगार न्यायालय. वकील म्हणतात, ‘यूएलपी टाकू’, म्हणजे अनुचित प्रथेची तक्रार. टाकायची मुदत ९० दिवस. आपल्यासाठी दोनशे चाळीस दिवस वाट पाहणाऱ्याला रडायला नव्वद! उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. वनखात्याला उशीर झाला तर कारण तयारच असतं : फाईल विधी व न्याय विभागात होती.

मग खात्याचे प्राथमिक आक्षेप. पहिला : जंगल हा ‘उद्योग’ नाही. पुण्याच्या वनमजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हा आक्षेप फेटाळला होता. पाच-सहा वर्षं तात्पुरतं राबवून घेणं यातच मालकाचा हेतू दिसतो, असंही म्हटलं होतं. पण २००१ साली गुजरातच्या एका वनखटल्यात उलट सूर निघाला, आणि आक्षेपाला पुन्हा अंकुर फुटला. रोपवाटिकेतली रोपं मरतात, हा मरत नाही.

दुसरा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या उमादेवी निकालाचा : मागच्या दाराने आलेल्याला कायम करता येत नाही. डोंगरातल्या रोपवाटिकेला पुढचं दार कुठे असतं, हे मात्र कुणी दाखवत नाही. २००९ साली एसटीच्या सफाई कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार गेलेले नाहीत. मात्र मंजूर पदच नसेल तर कायम करण्याचा हुकूम देता येत नाही. झालं. तिसरा आक्षेप कोर्टानेच खात्याच्या हातात ठेवला. पद मंजूर करायचं सरकारने, आणि ‘पद मंजूर नाही’ असं शपथेवर सांगायचंही सरकारनेच.

एवढं पार पडलं की विषय आपल्याकडे येतो. आपण आला होतात हे सिद्ध कुणी करायचं? मजुराने. हदिमनी या वनमजुराच्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं : नुसतं मजुराचं शपथपत्र पुरत नाही, पगाराची पावती दाखवा, नेमणुकीचं पत्र दाखवा. रोजंदाराला नेमणुकीचं पत्र! हजेरी लिहिली वनरक्षकाने, पैसे दिले व्हाउचरवर, अंगठा घेतला मजुराचा आणि कागद राहिला खात्याच्या कपाटात. पुढे त्याच कोर्टाने २००५ साली थोडी सवलत दिली, की मजुराने खात्याकडून हजेरीचं मस्टर मागवावं. तो अर्ज करतो. कपाटातून उत्तर येतं, जुनं रेकॉर्ड उपलब्ध नाही. वाळवीलाही नेमके कोणते महिने रुचतात कोण जाणे. वनीकरणाची शासकीय आकडेवारी तिने कधी खाल्ल्याचं ऐकिवात नाही.

समजा, तरीही मजूर जिंकला. खातं औरंगाबाद खंडपीठात रिट करतं. यावलचा माणूस अजिंठ्याचा घाट चढतो, साक्रीचा औट्रम घाट. तारखेला गेलेल्या दिवसाचा रोज बुडतो, आणि तोही आपल्याच हिशेबातून कापला जातो, हे आपल्या लक्षात आलं असेलच.

सबब विनंती, की पुढच्या तारखेला आपण स्वतः साक्षीला यावं. येताना आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आणा. आपण खरोखर दोनशे चाळिसावेच आहात, दोनशे एकोणचाळिसावे नाही, असा वनक्षेत्रपालांचा दाखलाही आणा. साहेब सध्या दौऱ्यावर आहेत.

आपला,
तक्रारदारांपैकी एक
(अंगठा, डाव्या हाताचा)