तेहतीस कोटी आणि एक बोर

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मी तीन वर्षं काढली आणि तिन्ही वर्षं हिस्लॉप हे इमारतीचं नाव आहे असं समजत होतो. ते माणसाचं आडनाव आहे हा शोध मला निवृत्तीनंतर लागला. मग मात्र मी त्या आडनावाच्या हात धुऊन मागं लागलो.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडातल्या डन्स गावचा मिशनरी. १८४५ साली नागपुरात आला. दगड फोडून जीवाश्म काढायचे आणि गोंडांची गाणी उतरवून घ्यायची, हा त्याचा नाद. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना तो पाण्यात बुडून गेला. त्याचे कागद तीन वर्षांनी छापले गेले. आणि आडनावाचा अर्थ? हेझलच्या झाडांचं खोरं. हेझल म्हणजे महागड्या चॉकलेटात दाताखाली येते ती बी.

इथं थांबायला हवं होतं. पण गोंडीत टेका म्हणजे साग, म्हणून आडनाव टेकाम. मरका म्हणजे आंबा, म्हणून मरकाम, हेही वाचनात आलं. झालं! स्कॉटलंड ते गडचिरोली, सगळी माणसं झाडांवरून उतरलेली, असा सिद्धांत घेऊन मी आलापल्लीची एसटी पकडली. सागाच्या त्या जंगलात टेकामांना साग म्हणजे काय हे सांगायला मीच तेवढा उरलो होतो.

अहेरीच्या बाजारात बोरं घेतली, खिसा भरला. पुढच्या गावात टेकाम आडनावाचे एक आजोबा मोहाखाली खाटेवर बसले होते. त्यांनी माझं व्याख्यान शांतपणे ऐकलं, आणि विचारलं, "त्या सायबाचे देव किती जी?"

गोंडांत कुळागणिक देव ठरलेले: चार, पाच, सहा, सात. देव सारखे तर भाऊबंद; सोयरीक होत नाही.

"एकच," मी म्हणालो.

"समद्यायचा एकच?"

"हो."

"मंग तं समदे भाऊच झाले. लगन कोनासंग करतेत?"

दीडशे पानं टिपणं होती. उत्तर एकातही नव्हतं.

"अन् तुमचे?"

"तेहतीस कोटी," मी छाती काढून सांगितलं.

आजोबांनी सुपारी कातरायची थांबवली. एवढ्या देवांहून वेगळे देव असलेला सोयरा कुठून आणायचा, या काळजीनं ते माझ्याकडं बघत राहिले. बायको कुठली, हेही विचारलं. भंडाऱ्याची म्हटल्यावर मान हलवली.

मग सहज म्हणाले, "तुमचा आडनाव?"

"बोरकर."

"म्हनजे बोरीचे?"

"बोरीचे!" मी हरखलो. सिद्धांताला साक्षीदार घरचाच निघाला होता.

"आमी आपल्या झाडाले इजा करत नाही जी," आजोबा म्हणाले, आणि माझ्या फुगलेल्या गालाकडं बघू लागले.

गालात बोर होतं. थुंकावं की गिळावं हे ठरेना, म्हणून बीसकट गिळलं.