जाता जाता

संध्याकाळी साडेपाचला कोल्हापूरच्या सायबर चौकात सिग्नल पडतो. मी डावा पाय टेकवतो आणि स्कूटरची मागची सीट दबते. आधी सीट दबते, मग आवाज येतो, "काका, गावात चाललाय न्हवं? जाता जाता सोडा की."

माझं वय अडतीस. 'काका' या शब्दाला हरकत घ्यावी म्हणून मान वळवतो, तर सिग्नल सुटलेला असतो आणि मागचे हॉर्न बडवत असतात. काका निमूटपणे निघतात.

खरी करामत आहे ती 'जाता जाता' या दोन शब्दांची. नुसतं 'सोडा' म्हटलं तर ती विनंती झाली, तिला नाही म्हणता येतं. 'जाता जाता' म्हटलं, की तुम्ही जाणारच होता, सीट रिकामीच होती, पेट्रोल जळणारच होतं. म्हणजे आता नाही म्हणायचं तर कारण तुम्ही शोधायचं. आणि हिरव्या सिग्नलला कारण सुचत नाही.

या पोराला मी तीन महिने रोज सोडत होतो. पाठीला सॅक, सॅकच्या जाळीत पाण्याची बाटली, राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणं, शिवाजी विद्यापीठात एम. ए.चं पहिलं वर्ष. एकदा सहज म्हणालो, "काय रे, परवा तुझी परीक्षा होती ना, कशी गेली?" तर मागून उत्तर आलं, "ते दुसरं असंल काका. मी फिजिक्सचा." चौकशीअंती कळलं, की मी ज्याला एक पोरगं समजत होतो ते तिघे होते. आरशात फक्त सॅकचा पट्टा दिसतो, आणि पट्टे सगळ्यांचे सारखेच. तेव्हा पुढचं सगळं मी 'तो' म्हणूनच लिहितो आहे. तो एक माणूस नव्हे, पंथ आहे.

या पंथाला कोल्हापूर मानवलं, त्याला कारण आहे. पुण्याच्या महापालिकेत २०२१ साली एका दमात २३ गावं आली. तिथला विद्यार्थी निम्मी पदवी बसमध्येच घेत असेल. आमच्या कोल्हापूरची हद्दवाढ किती निवडणुका गाजते आहे ते विचारू नका. महापालिका झाली १९७२ साली आणि हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर ती ६६.८२च. पुढाऱ्यांना ते दुखणं वाटतं. 'तो' मात्र रोज रात्री झोपताना हद्दवाढ न झाल्याबद्दल अंबाबाईचे आभार मानतो. विद्यापीठापासून रंकाळ्यापर्यंत सहा-सात किलोमीटर, मध्ये अख्खं गाव. चालत गेलं तरी पाय तुटत नाहीत, पण रिक्षा केली तर महिन्याचं गणित तुटतं.

विद्यार्थ्याला परवडणारा सगळ्यात स्वस्त प्रवास म्हणजे मुळात लांब राहायलाच न लागणं. हे शाहू महाराजांना १९०१ सालीच कळलं होतं. त्या वर्षी मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पाठोपाठ एकेका समाजाची बोर्डिंगं गावात उभी राहिली. दसरा चौकात आजही त्यांच्या पाट्या वाचत उभं राहता येतं. तेव्हाचं पोरगं उठलं की चालत शाळेत. मग १९६२ साली विद्यापीठ आलं. ते बांधलं गावाबाहेरच्या माळावर, चांगल्या ८५३ एकरांत. तळी आली, मोर आले, आणि त्यांच्यासोबत लिफ्ट मागणारं पोरगंही आलं. गेटपासून डिपार्टमेंटपर्यंत जायलासुद्धा 'तो' लिफ्टच घेतो. मोर तेवढे चालत असतात.

आता कुणी म्हणेल, गावात रोज कशाला जायचं? तर डबा आणायला. 'तो' मूळचा गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावचा. आई दुपारी एसटीत डबा ठेवते, कंडक्टर ओळखीचा, तो डबा संध्याकाळी रंकाळा स्टँडवर उतरतो. मेसचे पैसे वाचतात. एसटीचा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून फुकट. आई २०२३ पासून अर्ध्या तिकिटात. त्याच्या स्वतःच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत, दशांश चिन्हासकट. घरात पूर्ण तिकीट एकट्या वडिलांना, म्हणून वडील गावातून हलत नाहीत. डबा मात्र रोज हलतो. विद्यापीठ गावाच्या पूर्वेला आणि भाकरी पश्चिमेला, असा हा पेच आहे.

हा पेच 'तो' तुकड्यातुकड्यांनी सोडवतो. सायबर चौक ते माउलीचा पुतळा एक गाडी. तिथून मिरजकर तिकटीपर्यंत दुसरी. मग पापाची तिकटी, मग गंगावेश. एकाच माणसाला 'रंकाळ्यापर्यंत सोडा' म्हटलं तर तो घाबरतो. तेच चार जणांत वाटलं तर कुणालाच ओझं होत नाही. पाऊस असला तर परीख पुलाच्या बाजूला जायचं नाही, तिथे पाणी भरतं आणि पाण्यात गाडी घालताना लोक मागच्याला उतरवतात, एवढा बारकाईचा अभ्यास आहे. वडापची गाडी दिसली तरी तो बघत नाही. वडापला पैसे पडतात आणि शिवाय मांडीवर दुसऱ्याचं पोरगं घ्यावं लागतं.

गाडी निवडण्याचं शास्त्र त्याने मला एकदा सांगितलं. चेहऱ्याकडे बघायचंच नाही, मागच्या फूटरेस्टकडे बघायचं. फूटरेस्ट उघडे असले तर त्या सीटवर कुणीतरी बसत असतं. घरात माणसं आहेत, स्वभाव मायाळू. मिटलेले असले तर एकटा जीव, त्याच्या वाटेला जायचं नाही. हँडलला भाजीची पिशवी असली तर तो थेट घरी चाललाय, वाट बदलणार नाही. गाडी नवी आणि सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसलं, तर नमस्कार करून पुढे.

"आणि माझ्या गाडीचं काय?" मी विचारलं.

"तुमचे फूटरेस्ट गंजून उघडेच अडकल्यात काका. मिटतच न्हाईत."

संबोधनाचंही शास्त्र आहे. बरोबरीच्याला 'भावा', माझ्यासारख्याला 'काका', धोतर-टोपीवाल्याला 'आण्णा', खाकी दिसली की 'साहेब'. पेट्रोलची चौकशी 'तो' न चुकता करतो, पण ती पंप मागे पडल्यावर. "काका, पेट्रोलला काय देऊ काय?" या प्रश्नात 'काय' दोनदा येतो आणि पैसे एकदाही येत नाहीत.

तरी हा व्यवहार फुकटाचा आहे असं समजू नका. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात. चौथ्या गाडीवाल्याला, आणि कधी मीच तिथपर्यंत गेलो तर मला, 'तो' तिथे थांबवतो. "दूध घ्या की काका." घ्यावंच लागतं. नाही म्हणण्याची कला इथे कुणालाच येत नाही. मग माझा एक ग्लास, त्याचा एक ग्लास, शेजारी ओळखीचा भेटला तर त्याचाही एक, आणि पैसे 'तो' देतो. सिटी बसने आला असता तर याहून स्वस्तात पोचला असता, हे मी त्याला हिशेबाने दाखवून दिलं. तो मिशीवरचा फेस पुसत म्हणाला, "बसचा ड्रायव्हर दूध प्यायला थांबतोय व्हय?"

गेल्या पावसाळ्यात माझंच पेट्रोल संपलं. 'तो' मागे होता. उमा टॉकीजच्या अलीकडे गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. मला वाटलं, आता हा सॅक सावरत पुढच्या गाडीवर उडी मारणार. उडी मारलीच. पण आधी रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याने एका बुलेटवाल्याला हात केला. तो ना त्याच्या ओळखीचा, ना माझ्या. "भावा, पंपाकडं चाललायस न्हवं? जाता जाता काकांना जरा पाय लाव की!"

बुलेटवाला कुठे चालला होता देव जाणे. पण त्यालाही कारण सुचलं नाही. त्याने माझ्या सायलेन्सरला पाय लावला आणि मी भर बाजारातून, इंजिन बंद, हॉर्न चालू, अशा थाटात पंपावर पोचलो. 'तो' बुलेटच्या मागे बसून वाटेतल्या लोकांना बाजूला करत होता. पंपावर मी वळून आभार मानायला गेलो, तर बुलेट त्याला घेऊन केव्हाच गंगावेशीकडे निघून गेली होती. बुलेटवाल्याला त्या दिवशी दूध प्यावं लागलं असणार.

पंथाची वर्गणी कशी गोळा होते आणि कुणाला परत मिळते, ते मला त्या दिवशी कळलं. या हिशेबाची वही कुणीच ठेवत नाही, म्हणून तो कधी चुकत नाही.

तेव्हा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तुम्ही सायबर चौकातून गावात जाणार असाल, तर एक लक्षात ठेवा. घाई असेल तर सिग्नलला डावा पाय खाली टेकवू नका. टेकवलात, तर निदान पोटात दुधाला जागा ठेवा.