आमचा घरगुती नियामक आयोग

आमच्या घरात एक नियामक आयोग काम करतो. अध्यक्ष, सदस्य आणि सचिव या तिन्ही पदांवर सौभाग्यवती आहेत. आयोगाचं कार्यालय स्वयंपाकघरात असून आदेश फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावले जातात. अपिलाची सोय आहे. फक्त अपील करणाऱ्याने त्या दिवशी भांडी घासायची, अशी अट आहे.

आयोगाने कामकाजाची पद्धत मुंबईतल्या थोरल्या आयोगाकडून उचलली आहे. 28 मार्च 2025 रोजी राज्याच्या वीज नियामक आयोगाने दर कमी करणारा आदेश काढला. हिशेबात चुका आहेत, असं महावितरणने म्हणताच एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आयोगाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. मग फेरविचार होऊन 25 जूनला नवा आदेश आला. आमच्याकडे हे सगळं एका रात्रीत होतं. दहा वाजता कूलर लावायला मंजुरी मिळते, साडेदहाला मंजुरीला स्थगिती मिळते, आणि अकराला फेरविचार होऊन पंखा दोन नंबरवर येतो. फेरविचाराआधी सुनावणी घेतली नाही, अशी हरकत मी एकदा नोंदवली. "अहो, तिकडे तरी कुठे घेतली?" असा उलट सवाल आला. मी भांडी घासली.

थोरल्या आयोगाच्या त्या जूनमधल्या आदेशानंतर मुख्यमंत्र्यांनी आनंदाची बातमी दिली, की राज्याच्या इतिहासात प्रथमच दर कमी होत आहेत. पहिल्या वर्षी 10 टक्के, पाच वर्षांत 26 टक्के. निवडणुकीआधी महायुतीच्या दहा वचनांत वीजबिलातली कपात 30 टक्के होती, पण चार टक्क्यांसाठी घासाघीस करणं बरं दिसत नाही. आईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. पुढे दिवाळीच्या तोंडावर बिलात इंधन समायोजन आकार अवतरला, वापराच्या टप्प्यानुसार युनिटमागे 35 ते 95 पैसे. आईने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

ज्यांनी वीजबिल पूर्ण वाचलं आहे अशी माणसं आमच्या संभाजीनगरच्या गारखेड्यात फार नाहीत. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्या आकारांच्या बेरजेवर सरकारचं 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे कोळसा महागला की सरकारचं उत्पन्न आपोआप वाढतं. कोळशाच्या दुःखात इतकं फायदेशीर सहभागी होणं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. शिवाय उन्हाळ्याच्या सुमारास अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ठेव पूर्वी एका महिन्याच्या सरासरी बिलाएवढी असायची, 2021 च्या नियमांनंतर ती दोन महिन्यांची झाली. आपण जास्त वीज वापरली म्हणून जास्त बिल भरायचं, आणि जास्त बिल भरलं म्हणून जास्त ठेव भरायची. ठेवीवर व्याज मिळतं हे मान्य. कागदी बिल सोडलं तर वर्षाला 120 रुपयांची सवलत मिळते हेही मान्य. आम्ही कागदी बिल सोडलं आहे. त्यामुळे आता धक्का मोबाईलवर बसतो.

खरा थरार मात्र टप्प्यांचा. पहिल्या शंभर युनिटांना एक दर आणि एकशे एकाव्यापासून जवळपास दुप्पट. हिवाळ्यात मीटर नव्वदच्या पुढे सरकलं की घरात जमावबंदी लागू होते. एका खोलीत दिवा असताना दुसऱ्या खोलीत कुणी बसायचं नाही. चिरंजीवांनी अभ्यास आजीच्या टीव्हीच्या उजेडात करायचा, आणि आजीने टीव्हीचा आवाज चिरंजीवांच्या अभ्यासात बसेल इतकाच ठेवायचा. उन्हाळ्यात शंभराची आशा आम्ही होळीतच जाळतो आणि तीनशेची सीमा राखायला उभे राहतो.

या सीमेवरचा मोठा घुसखोर म्हणजे कूलर. मराठवाड्याच्या मे महिन्यात त्याला रोखणं अमानुष आहे, हे आयोगालाही पटतं. पण कूलरला विजेबरोबर पाणीही लागतं आणि संभाजीनगरात पाणी हा स्वतंत्र विषय आहे. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीत नाथसागर पसरलेला, आणि नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी. 1,680 कोटींची म्हणून 2020 च्या डिसेंबरात भूमिपूजन झालेली नवी योजना पुढे 2,740 कोटींवर गेली. तिलाही बहुधा इंधन समायोजन आकार लागला असावा. तूर्त आमच्याकडे वीज असते तेव्हा कूलर कोरडा असतो आणि पाणी येतं तेव्हा सगळे झोपलेले असतात.

तरी सरकारला आमची काळजी आहे. 1 जुलै 2025 पासून नव्या मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली. योजना उत्तम आहे. या वेळेत मी ऑफिसात, सौभाग्यवती शाळेत शिकवायला, चिरंजीव कॉलेजात किंवा कॉलेजच्या नावाखाली क्रांती चौकात. घरी आई एकटी. ती दिवसा दिवा लावणं अशुभ मानते. सवलतीच्या वेळेत आमच्याकडे फक्त फ्रिज आणि पाल जागी असते. घरातली सगळ्यात जास्त वीज खाणारी वस्तू म्हणजे पाण्याची मोटार, आणि ती नळ येईल तेव्हाच चालवावी लागते. नळ येतो रात्री दोनला. सवलत एका खात्याची आणि नळ दुसऱ्या खात्याचा. दोघांची ओळख करून द्यावी असं कुणाच्या मनात आलेलं नाही.

या नव्या मीटरची कथाही वाचनीय आहे. सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, असं जून 2024 मध्ये त्या वेळचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं. पुढे मीटर आले, पण प्रीपेड नव्हे, पोस्टपेड. शब्द पाळला गेला. मीटर तेवढं बदललं.

मग सूर्याकडे वळा, असं सांगतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटसाठी 78 हजारांचं अनुदान आहे आणि ते मिळतंही. ऊन तर आमच्याकडे निर्यात करण्याइतकं आहे. अडचण गच्चीची. पाणी आठ-दहा दिवसांचं साठवायचं असल्यामुळे आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर प्रत्येक बिऱ्हाडाच्या दोन-दोन काळ्या टाक्या आहेत. सूर्य खाली पोहोचतो तो टाक्यांच्या फटींतून. सौर पॅनेल लावायची तर आधी टाक्या हलवायला हव्यात, टाक्या हलवायच्या तर पाणी रोज यायला हवं. सूर्यघर योजना अशा रीतीने जायकवाडीच्या जलवाहिनीत अडकली आहे. इकडे शेंद्रा-बिडकीनला विजेवरच्या गाड्यांचे मोठमोठे कारखाने येत आहेत, शहर विजेच्या गाड्यांचं माहेरघर होणार आहे. माहेरी चार्जिंगचं बिल कोण भरणार, एवढंच ठरायचं आहे.

वीज राहू द्या, गॅस तरी? 2015 साली 'अनुदान सोडा' अशी मोहीम निघाली होती. आम्ही काही सोडलं नाही. 2020 साली अनुदानानेच आम्हाला सोडलं. 2024 च्या महिला दिनी सिलिंडर शंभर रुपयांनी उतरला, मग लोकसभा झाली, विधानसभा झाली, आणि एप्रिल 2025 मध्ये पन्नासांनी चढला. त्यातून उज्ज्वलावाल्यांनाही वगळलं नाही. समतेचा हा आग्रह इतरत्र कुठे दिसत नाही. त्यांना सिलिंडरमागे 300 रुपये मिळतात, पण वर्षाला बारा सिलिंडरांवरचे आता नऊवर आले. उरलेले तीन महिने गरिबांनी कच्चं खावं, सध्या सॅलडचं महत्त्व वाढतं आहेच.

याबाबत आमच्याकडच्या जाणकार म्हणजे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी. मुकुंदवाडीहून चालत येतात. अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर फुकट, पण जोडणी बाईच्या नावावर हवी. त्यांची जोडणी नवऱ्याच्या नावावर होती. ती नावावर करून घ्यायला मजुरीचे दिवस मोडले. मग कळलं, की आधी पूर्ण पैसे भरून सिलिंडर घ्यायचा आणि नंतर रक्कम खात्यात येण्याची वाट बघायची. "फुकट घ्यायलाबी आधी गाठीला पैसे लागतेत दादा," मावशी म्हणाल्या. अर्थशास्त्राची इतकी नेमकी व्याख्या मी विद्यापीठातही ऐकली नव्हती.

लाडक्या बहिणीचे दीड हजार त्यांना मिळतात. एकविसशेचं वचन होतं, ते अजून वचनच आहे. मधल्या काळात छाननी झाली, लाखो बहिणी अपात्र निघाल्या, सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसीचा हुकूम सुटला. त्यात बाईने स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही दाखवायचा. मावशींच्या नवऱ्याने आयुष्यात त्यांना दिलेला तेवढाच आधार. 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल देणारा 'आनंदाचा शिधा' सुरू झाला होता. 2025 च्या दिवाळीत शिधा आला नाही. आनंद ज्याने त्याने घरी करायचा होता.

या सगळ्याचा अभ्यास करून आमच्या आयोगाने अनुदान धोरण आणलं. कुटुंबप्रमुखाला संध्याकाळचा दुसरा चहा पूर्वी सरसकट मिळायचा, तो आता पात्र लाभार्थ्यालाच मिळेल. मी अर्ज केला. रहिवासी पुरावा मागितला. गेली वीस वर्षं याच घरात राहतो, हा पुरावा अपुरा ठरला. चारचाकी आहे का, विचारलं. नाही म्हटल्यावर आयोगाने ते नापसंतीच्या सुरात लिहून घेतलं. शेवटी ई-केवायसी. सौभाग्यवतींनी आपल्या मोबाईलवरून मला एक क्रमांक पाठवला आणि तीस सेकंदांत सांगा म्हणाल्या. मी चष्मा शोधायला दिवा लावला. दिव्याचं युनिट माझ्या नावावर पडलं, ओटीपीची मुदत संपली, आणि आयोगाने गॅस बंद करून पुन्हा अर्ज करण्यासाठी पुढच्या तिमाहीतली तारीख दिली.