हरवलेल्या खोडरबराचा हिशेब

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘काय दिवस होते ते! माणसं किती प्रामाणिक होती!’ लगेच दुसरं येतं: ‘माझं सेंटवालं खोडरबर दुसरीत कुणीतरी ढापलं होतं.’ टाळ्या दोन्ही वाक्यांना पडतात.

हिशेब करून पाहा. 1958 साली सुरू झालेल्या हिंदुस्तान पेन्सिल्सची लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज प्रत्येकाची हरवली. 1931 साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या कंपासपेटीतलं कर्कटक प्रत्येकाचं गेलं. जूनमध्ये घेतलेली छत्री जुलै पाहत नसे. आईने दप्तराच्या आत बॉलपेनने नाव घातलं, डब्यावर दुकानदाराकडून टोच्याने कोरून घेतलं, तरी डबा गेलाच. मात्र आजवर एकाही मेळाव्यात ‘ते मी उचललं होतं’ म्हणत कुणी उभं राहिलेलं नाही. वर्गात सगळेच लुटले गेले आणि लुटणारा एकही नव्हता!

पेटीत वर्षानुवर्षं सुखरूप राहिले ते फक्त दोन गुण्ये. पंचेचाळीस अंशांचा आणि तीस-साठचा. त्यांचं काय करायचं हे मालकालाच ठाऊक नव्हतं, तर चोराला काय असणार?

तेव्हा पुढच्या मेळाव्याला येताना आठवणी थोड्या कमी आणा. घरचा माळा झाडा, जुनी कंपासपेटी उघडा आणि दुसऱ्याचं नाव कोरलेलं जे काही सापडेल, ते मुकाट परत करा.