रात्रीचा पहारेकरी आणि व्हॉल्व्हमन

किमान शासनवाद ही राज्यशास्त्रातील एक विचारसरणी आहे. तिचे इंग्रजी नाव लिबर्टेरियनिझम. माणसाचा देह त्याचा, घामाची कमाई त्याची आणि राजीखुशीने केलेला सौदाही त्याचाच. सरकारने चोराला पकडावे, करार मोडणाऱ्याला न्यायालयात उभे करावे आणि उरलेला वेळ गप्प बसावे, एवढे तिचे सार. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली तिची सविस्तर मांडणी केली. अशा राज्याला ‘रात्रीच्या पहारेकऱ्याचे राज्य’ म्हणतात. हे नाव जर्मन समाजवादी फर्डिनांड लासाल यांनी एकोणिसाव्या शतकात टिंगल म्हणून ठेवले होते. ज्यांची टिंगल केली त्यांना ते आवडले.

तत्त्वज्ञान अमेरिकेत लिहिले गेले असले, तरी त्याची अंमलबजावणी पाहायची तर महाराष्ट्राच्या खानदेशातल्या जळगाव किंवा धुळ्याला यावे लागते. दोन्ही शहरे २००३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. येथे पहारेकऱ्याचे काम व्हॉल्व्हमन, म्हणजे गल्लोगल्ली नळाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा पालिकेचा माणूस करतो. तोही रात्री-अपरात्री फिरतो, त्याच्याही हातात लोखंडी दांडा असतो, तोही कुणाच्या घरात शिरत नाही. फरक इतकाच की पहारेकरी फिरून गेला की लोक निवांत झोपतात आणि व्हॉल्व्हमन फिरून गेला की उठून बसतात.

पूर्वपीठिका : धुळ्याचा जन्म या विचारसरणीच्या अगदी विरुद्ध झाला. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले, सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, व्यापारी आणि कारागीर बोलावून त्यांना बांधकामासाठी बिनभाड्याच्या जागा दिल्या, घर उभारायला उचलही दिली. म्हणजे रस्ता आधी, घर नंतर. हा क्रम पुढे दोन्ही शहरांनी उलटा केला. आता आधी प्लॉट पडतात, मग घर उठते, वास्तुशांत होते, मुले शाळेत जातात, यथाकाल त्यांची लग्ने होतात आणि त्यानंतर कॉलनीतल्या रस्त्याचे भूमिपूजन होते. भूमिपूजनाचा फलक रस्त्यापेक्षा अधिक टिकाऊ असतो, असे निरीक्षण आहे.

महाराष्ट्रात सरकारने बाजूला व्हावे हे म्हणणे सर्वांत नेटाने मांडले ते शरद जोशी यांनी. शेतकरी संघटना उभारल्यानंतर १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. खानदेशातल्या कापूसवाल्याला हा विचार समजावून सांगावा लागला नाही. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीच्या केंद्रावर गाडी लावून चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्याला सरकार कमी असावे हे आपोआप पटे. मात्र जोशींचा रोख शेताकडे होता. शहरातल्या नळाकडे या विचाराचा मोर्चा कुणी मुद्दाम वळवला नाही. तो महानगरपालिकांनी स्वतःहून अमलात आणला.

पाणीपुरवठा : जळगावचे पाणी वाघूर धरणातून येते. धुळ्याला तापी, नकाणे तलाव, डेडरगाव तलाव आणि अक्कलपाडा प्रकल्प असे स्रोत आहेत. धरणात पाणी असते आणि नळात नसते. या दोहोंमधल्या अंतराला प्रशासन म्हणतात. धुळ्याच्या अनेक भागांनी आठ-आठ दिवसांनी नळ आलेला पाहिला आहे. जळगावकर दिवसाआड पाण्यावर समाधानी असतो, कारण त्याचे पाहुणे धुळ्याला असतात.

७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावे परिशिष्ट जोडले. त्यात नागरी संस्थांकडे सोपवायच्या १८ कामांची यादी आहे. खानदेशात ही यादी आणखी एक पायरी खाली, थेट कुटुंबाकडे पोचली. अंगणात हौद, गच्चीवर काळी टाकी, मधे मोटर, ओट्याखाली आरओ, मागच्या दारी बोअर, प्यायला जार आणि लग्नकार्याला टँकर, अशी प्रत्येक घराची स्वतंत्र योजना असते. पाणीपुरवठा विभाग घरातल्या बाईकडे असतो, विद्युत विभाग म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी कर्त्या पुरुषाकडे आणि घनकचरा विभाग शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे. या घरगुती महानगरपालिकेचा अर्थसंकल्प शिलकी नसला तरी तिचे सभागृह रोज भरते आणि विरोधी पक्ष कधीच सभात्याग करत नाही.

टिल्लू पंप हा या व्यवस्थेतला मुक्त स्पर्धेचा नमुना होय. नळाला थेट मोटर लावणे नियमाने मना आहे. परंतु एकाने लावली की दुसऱ्याला लावावीच लागते. पहिल्याची अर्ध्या हॉर्सपॉवरची असेल तर दुसरा एकची आणतो. गल्लीच्या तोंडचे हौद भरतात, शेवटच्या घरात नळ फक्त सुस्कारा सोडतो. शेवटच्या घराचे स्वातंत्र्य कुणी हिरावलेले नसते. त्यालाही दोन हॉर्सपॉवरची मोटर घेण्याची पूर्ण मोकळीक असते.

जमीन आणि मालकी : सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने सांगितले की बेवारस जमिनीत माणसाने आपले श्रम मिसळले की ती त्याची होते. खानदेशात श्रमांबरोबर सिमेंट आणि गिरणा नदीची वाळूही मिसळतात. पहिल्या वर्षी गटारीवर फरशी पडते, दुसऱ्या वर्षी फरशीवर ओटा होतो, तिसऱ्या वर्षी ओट्यावर पत्रे येतात आणि चौथ्या वर्षी तेथे चहाची टपरी भाड्याने दिली जाते. अतिक्रमणविरोधी पथक आले की टपरी जाते आणि पथक गेले की येते. ज्या वाळूतून हे सगळे उभे राहते ती रात्री उपसली जाते. त्या वेळी रात्रीचा पहारेकरी कोठे असतो, याबाबत ग्रंथांत खुलासा नाही.

कर : करआकारणी म्हणजे सक्तीची वसुली, असे या विचारसरणीचे मत. दोन्ही शहरांतील मोठ्या वर्गाला ते मान्य आहे आणि तो थकबाकीच्या रूपाने ते व्यक्त करतो. जकातीला व्यापाऱ्यांचा विरोध होता म्हणून स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. २०१३ मध्ये राज्यभरच्या बाजारपेठांनी त्याविरुद्ध शटर ओढले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरून गेला. तेव्हापासून महानगरपालिका भरपाईच्या अनुदानासाठी मुंबईकडे डोळे लावून बसते. स्थानिक कर गेला आणि त्याच्याबरोबर स्थानिक संस्थेला जाब विचारण्याची सवयही गेली. दुसऱ्याच्या खिशातून जेवणारा आचाऱ्याला भाजीत मीठ कमी पडल्याचे सांगत नाही.

व्यापारी संकुले : सरकारने धंद्यात पडू नये, हे या विचारसरणीचे कलम सर्वांना पाठ असते. जळगाव पालिका धंद्यात पडली आणि तिने व्यापारी संकुले बांधून दोन हजारांच्या घरात गाळे भाड्याने दिले. २०१२ मध्ये त्यांतल्या बहुतेकांच्या कराराची मुदत संपली. मग नव्या भाड्याचा, लिलावाचा आणि नूतनीकरणाचा वाद वर्षानुवर्षे चालला. या वादातून एक स्थानिक उपसिद्धान्त निघाला : सरकारने धंद्यात पडू नये, पडलेच तर भाडे वाढवू नये.

जळगाव पालिकेची स्वतःची इमारत १७ मजली आहे. किमान शासनाला कमाल इमारत लागते, याचे कारण वास्तुशास्त्रात नव्हे तर फायलींत शोधावे. तळमजल्यावर दिलेला अर्ज वरपर्यंत चढून खाली येईस्तोवर अर्जदाराची गरज बहुतेक वेळा संपलेली असते.

घरकुल योजना : सरकारने घरे बांधू नयेत, या मताला जळगावने दिलेला पुरावा जगातल्या कोणत्याही विद्यापीठात चालावा. १९९०च्या दशकात नगरपालिकेने कर्ज काढून गरिबांसाठी ११,४२४ घरकुले बांधायचे ठरवले. ठेका एका खासगी बिल्डरकडे गेला. घरे पुरी झाली ती त्यातली थोडीच. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना शिक्षा सुनावली. प्रकरण पुढे अपिलात उच्च न्यायालयात गेले. जळगावने गुन्हा पुरवायचा आणि धुळ्याने न्यायालय, अशी ही योजना दोन शहरांच्या परस्परसहकार्याचा सर्वांत यशस्वी नमुना मानली जाते. तथापि पुरावा दुधारी आहे. बांधणारा खासगी होता, पैसे देणारी पालिका होती. सरकार वाईट की बाजार, हे ठरवू पाहणाऱ्याला येथे दोघे एकाच पंगतीत बसलेले दिसतात.

कचऱ्याचेही तसेच. काम ठेकेदाराला दिले की खासगीकरण झाले, अशी समजूत आहे. परंतु ठेकेदाराचे गिऱ्हाईक नागरिक नसून पालिका असते. टनावर पैसे ठरले की मातीलाही कचऱ्याची प्रतिष्ठा मिळते.

लोकप्रतिनिधी : ऑगस्ट २०१८ मध्ये जळगावच्या मतदारांनी ७५ पैकी ५७ जागा भाजपला दिल्या. मार्च २०२१ मध्ये त्यांतले बरेच नगरसेवक दुसऱ्या बाजूला गेले आणि महापौरपद शिवसेनेकडे आले. हा राजीखुशीचा व्यवहार असल्याने त्यात मतदाराला विचारण्याची गरज पडली नाही. २०२३ मध्ये दोन्ही शहरांच्या सभागृहांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक राज्य होते. लोकप्रतिनिधींशिवाय शहर चालते का, याचा हा दोन वर्षांचा प्रयोग होय. फरक नळाला जाणवला नाही, हा त्याचा निष्कर्ष. पुढे निवडणूक झाली तेव्हा दोन्हीकडे काही नगरसेवक मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले. बाजारात स्पर्धा हवी असे मानणारी मंडळी या वेळी बाजारात गेलेली होती.

परदेशातील प्रयोग : अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ग्राफ्टन नावाचे खेडे आहे. २००४ पासून तेथे किमान शासनवादी वस्तीला आले आणि गावाचा खर्च छाटू लागले. कचऱ्याचे नियम न मानता, ज्याने त्याने आपल्या मर्जीप्रमाणे राहावे असे ठरले. त्यानंतर गावात अस्वले धीट झाली. जळगाव-धुळ्यात अस्वले नाहीत. ती जागा कुत्री आणि डुकरांनी भरून काढली आहे. स्वातंत्र्यासाठी मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोकाट’ असे दोन शब्द आहेत. त्यांतला दुसरा पालिकेच्या कागदपत्रांत अधिक वेळा येतो. जॉर्जिया राज्यातल्या सँडी स्प्रिंग्ज शहराने २००५ मध्ये स्थापनेपासूनच जवळजवळ सगळी कामे कंपनीला दिली होती. २०१९ मध्ये बहुतेक परत स्वतःकडे घेतली, कारण हिशेब केल्यावर तेच स्वस्त पडले. येथे उल्लेखनीय बाब म्हणजे त्यांनी हिशेब केला.

अपवाद : सरकारवाचून कारभार चालल्याची खरी उदाहरणे धुळे जिल्ह्यातच आहेत, आणि ती वरील सर्व वर्णनाशी विसंगत असल्याने येथे शेवटी घेतली आहेत. पांझरा नदीवर शतकानुशतके फड पद्धत चालली. गावाने बंधारा बांधायचा, पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी कमी असेल तर कोणता फड भिजवायचा हे मिळून ठरवायचे. पाणी पाटकरी देई. बागायतदाराने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. पाटकऱ्याला मोबदला पिकातून मिळे, म्हणून शेवटच्या वाफ्याला पाणी पोचणे ही त्याच्या पोटाची गोष्ट होती. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले. कुऱ्हाडबंदी गावाने केली, राखणदार गावाने नेमला, दंडही गावानेच बसवला आणि घेतला. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. अशा व्यवस्थांवर काम करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

किमान शासनवादी या दोन उदाहरणांकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, सरकार लागत नाही. पालिकावाले म्हणतात, पाहा, लोकांनीच पुढे यायला हवे. दोघेही दंडाचा भाग वगळतात. फडात वर्गणी चुकत नसे, पाळी मोडता येत नसे आणि मोडणाऱ्याची गय नसे. तेथे शासन किमान नव्हते. फक्त ते पाटावर, डोळ्यांसमोर होते.

पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, खालचा प्रवाह आटला आणि बहुतेक फड मोडले. पाटकरी गेला, व्हॉल्व्हमन आला. फडातल्या प्रत्येक बागायतदाराला आपली पाळी ठाऊक असे. शहरात ती एकट्या व्हॉल्व्हमनला ठाऊक असते. त्याचा मोबाइल नंबर ज्याच्याकडे आहे, तो त्या गल्लीतला सर्वांत स्वतंत्र नागरिक होय.